मुकादमबाईंची चादर

आमच्या थोरल्या जाऊबाईंना झालेला कॅन्सर पिशवीचा नव्हता. आम्हाला सगळ्यांना पिशवीचाच सांगितला होता आणि आम्हीही तो मुकाट्याने मान्य केला, कारण पिशवी ही काही लाजायची गोष्ट नाही. बायका चहा पिता पिता एकमेकींना विचारतात, तुझी काढली का गं, माझी मागच्या वर्षीच काढली. दाढ काढल्यासारखं बोलतात. जाऊबाईंचं दुखणं मात्र अशा जागी होतं की तिला शिव्यांमध्ये ढीगभर नावं आहेत आणि घरात बोलायला एकही नाही. म्हणून त्यांनी ते पिशवीत नेऊन ठेवलं. आणि त्यांनी एखादी वस्तू एका जागी ठेवली की ती हलवायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या, त्या थोरल्या भावाला, मी धाकट्याला. कामालाही एकाच ठिकाणी, मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. घरी जाऊ आणि कामावर मुकादम, म्हणजे जळी स्थळी त्याच. घरी मी भांडी विसळताना त्या मागून बघायच्या आणि कामावर चादर विसळतानाही मागून बघायच्या. मला राग यायचा. आताही सांगताना येतो. पण त्यांच्या हाताखाली कुठल्याही बाईला कधी इजा झाली नाही, हेही खरं आहे आणि तेही सांगायला हवं.

आमची लॉन्ड्री म्हणजे जमिनीखालची एक लांबलचक खोली. वरच्या वॉर्डांतली मळकी गाठोडी भिंतीतल्या पत्र्याच्या नळातून धाडधाड खाली येतात. त्याला आम्ही घसरगुंडी म्हणतो. खाली निवडायचं टेबल, पलीकडे धुण्याची मशीनं, मग पिळायचं मशीन, मग वाफेवर तापणारा रोलर आणि टोकाला घड्या घालायचा ओटा. जाऊबाई कायम टेबलाशी. त्यांचा एकच कायदा होता, उघडल्याशिवाय धुवायचं नाही. प्रत्येक चादर टेबलावर पसरायची, उलटसुलट बघायची, मगच मशीनमध्ये टाकायची. त्याला कारण होतं. गाठोड्यांत सुया निघतात, चिमटे निघतात, एकदा तर कुणाची दातांची कवळी निघाली होती. त्या मुकादम होण्याआधी एका बाईने कंटाळा करून गाठोडं तसंच पुढे ढकललं आणि पलीकडच्या बाईच्या तळव्यात सुई घुसली. म्हणून कुणी न उघडता टाकलं की जाऊबाई मशीन थांबवायच्या, ओलं गाठोडं बाहेर काढायला लावायच्या आणि सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याची हजामत करायच्या.

दुसरी त्यांची ख्याती डागांची. कुठला डाग औषधाचा, कुठला जखमेचा, कुठला बाळंतिणीचा, हे त्या लांबून सांगायच्या. नवीन बाईला पहिला धडा हाच असायचा, की रक्ताला गार पाणी लागतं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. बायकांच्या वॉर्डच्या चादरींना निळी किनार आहे. त्यातली एखादी टेबलावर पसरली की त्या क्षणभर हात थांबवायच्या आणि हळूच म्हणायच्या, हिचं काही खरं नाही. बहुतेक वेळा ते खरं निघायचं, कारण पुढच्या आठवड्यात तशी चादर यायची बंद व्हायची. इतकी वर्षं हेच बघून त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं होतं, की बाईचं दुखणं चादरीवर उतरतंच. डाग नाही तर दुखणं नाही. हे त्यांनी आम्हाला सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हालाही ते देववाक्य वाटायचं.

आणि लॉन्ड्रीत डाग नसलेलं एक दुखणं सगळ्यांनाच होतं. खाज. दिवसभर कमरेपासून गुडघ्यापर्यंत एप्रन ओला, सोड्याची वाफ, ब्लीचचं पाणी, वर घाम. मांड्यांना, जांघेत आणि त्याच्याही पलीकडे खाज सुटायची. आमच्यातली एक बाई, जिला आम्ही रेडिओ म्हणतो कारण ती बंद होत नाही, ती म्हणायची, सरकारी नोकरीत पेन्शन मिळतं, आपल्याला खाज मिळते. हसून हसून पुरेवाट व्हायची. ब्लीचच्या डब्यांशेजारी फळीवर एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात मलमाची ट्यूब. औषधांच्या दुकानात मागितली की मिळायची. संपली की जिच्या लक्षात येईल ती आणून ठेवायची. जाता येता बोटावर घ्यायची, न्हाणीघरात जाऊन लावून यायची, की दोन दिवस थंड. नवीन बाई पहिल्यांदा अवघडून उभी राहिली की जाऊबाई स्वतः तिला तो डबा दाखवायच्या. कामाला लागल्याची ती खूणच होती म्हणा ना.

त्यांची स्वतःची खाज सगळ्यांत जुनी होती. वर्षानुवर्षांची. पण त्यांचा तो नेम चालूच होता, रोज आपले आतले कपडे धुण्याआधी खिडकीशी नेऊन उजेडात बघायचे. मी बघितलंय त्यांना तसं करताना. मला वाटायचं, काय ही बाई, घरीसुद्धा टेबल लावून बसली. कपड्यावर कधीच काही नसायचं. मग त्या निर्धास्त. दुसऱ्यांच्या चादरी वाचणारी बाई, तिने स्वतःच्या अंगाकडे मात्र एकदाही बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढे त्या जागी एक कडक कण हाताला लागला. त्यांना वाटलं घट्टा असेल, निवडायच्या टेबलाशी उंच लोखंडी स्टुलावर बसून बसून आला असेल. एका डॉक्टरला दाखवायला गेल्या. दाखवायला म्हणजे सांगायला. तो पुरुष, त्याने खाज हा शब्द ऐकला, मान वर न करता एक मलम लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्याने बघतो म्हटलं नाही याचाच जाऊबाईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी येताना त्यांनी मुलांसाठी खाऊ आणला. मग कण वाढला, फुटला, आणि एका सकाळी खिडकीशी धरलेल्या कपड्यावर त्यांना डाग दिसला. त्यांनी तो ओळखला. त्यानंतर त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. एवढंच मला तेव्हा कळलं होतं, आणि मी ते घरातल्या कुठल्याशा कुरबुरीवर घातलं होतं.

आता खरं तर काय सोपं होतं! आम्ही इस्पितळाच्या पोटात काम करणारी माणसं. वर दोन जिने चढलं की बायकांचा विभाग, ओळखीच्या नर्सा, चांगली डॉक्टरीणबाई. पण जाऊबाई तिथे गेल्या नाहीत. कारण तिथे झोपलं की चादर खाली येणार. निळ्या किनारीची, घसरगुंडीतून, आमच्याच टेबलावर. आणि त्यांनीच घडवलेल्या बायका ती उघडून वाचणार. हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग भावोजींना कसंबसं सांगून त्या दूरच्या एका इस्पितळाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिथे नंबर लागेपर्यंत, तपासणीचा तुकडा काढेपर्यंत, त्याचं उत्तर येईपर्यंत किती दिवस गेले ते त्यांनाच माहीत. त्या दिवसांत त्या रोज आमच्याबरोबर वरच्या जिन्यासमोरून ये-जा करत होत्या.

एका संध्याकाळी दोघांनी आम्हाला बसवून सांगितलं, पिशवीचा आहे, काढणार आहेत. मी रडले. आमचे हे रडले. जाऊबाई कोरड्या. मी म्हटलं, मी येते तुमच्याजवळ राहायला. तर म्हणाल्या, तू लॉन्ड्री बघ.

ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या आणि माझी खरी तगमग सुरू झाली. रोज पट्टी बदलायची होती. मी हात धुऊन, केस बांधून तयार. आणि भावोजींनी दार लावून घेतलं. भावोजी म्हणजे बसच्या डेपोत फिटर, हात एवढाले, नखांत कायमचं ग्रीस. हा माणूस बादलीभर पाण्यात हात घासघासून धुवायचा, खिडकीला टॉवेल टांगायचा आणि आत पट्टी करायचा. मी, घरातली बाई, सख्ख्या बहिणीसारखी जाऊ, ती बाहेर उभी. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी ह्यांना म्हटलं, माझे हात काय विटाळलेत? हे म्हणाले, अगं त्यांची इच्छा. मी दोन दिवस अबोला धरला, पण ज्यांच्याशी धरायचा त्यांना त्याचं भानही नव्हतं. बंद दाराआडून एकदाच आवाज ऐकू आला. भावोजी म्हणत होते, थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय. बसचा जुना बोल्ट काढताना म्हणावं तसं, सावकाश.

पिशवी काढलेली बाई अशी चालत नाही, हे मला दिसत होतं. त्या पाय फाकवून, भिंत धरून चालायच्या. एक पाय सुजून खांबासारखा झाला. मी विचारलं की म्हणायच्या, टाके आत आहेत. मी ऐकून घेतलं. मोठ्या माणसाला खोटं ठरवायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि त्या तर माझ्या मुकादम.

काही महिन्यांनी त्या कामावर आल्या. स्टुलाऐवजी मधे भोक असलेली रबरी उशी घेऊन खुर्चीवर बसायच्या. आवाज तोच, हुकूम तेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं रेडिओ त्यांच्या पाठीमागे म्हणाली आणि आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त एक बदल झाला होता. नवीन बाई आली तरी त्या आता डबा दाखवत नव्हत्या. पण डबा फळीवरच होता. त्याला त्या हातही लावत नव्हत्या आणि तो फेकतही नव्हत्या. का फेकायचा, हे सांगावं लागलं असतं ना.

मलाही खाज होती. सगळ्यांनाच होती, मी काही वेगळी नाही. पण माझी ट्यूबने थंड व्हायची बंद झाली होती. तिथली कातडी चिरल्यासारखी वाटायची, लघवीला झोंबायचं. मी त्यांचाच धडा गिरवत होते, कपडे बघायचे, डाग नाही, म्हणजे काही नाही. एका दुपारी मी डब्यातून मलम बोटावर घेतलं आणि वळले तर जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या चेहऱ्याकडे नाही. माझ्या उभं राहण्याकडे. किती दिवस बघत होत्या देव जाणे.

त्यांनी रोलर बंद करायला लावला, बायकांना चहाला पिटाळलं आणि मला धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत नेलं. तिथे चादरींना भोकं पडली आहेत का ते बघायला एक मोठा पांढरा दिवा आहे. त्यांनी दार लावलं, घोंगड्यांच्या थप्पीवर एक चादर टाकली आणि दिवा ओढून त्यावर धरला. म्हणाल्या, "झोप इथे. कपडे काढ. मला बघू दे."

मला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, अहो काहीतरीच काय, जाऊबाई, चला, चहा गार होतोय. मी हसायलाही लागले. त्या हसल्या नाहीत.

"गाठोडं न उघडता कुणी मशीनमध्ये टाकलं तर मी काय करते?" त्या म्हणाल्या. "मी माझंच टाकलं. वर्षानुवर्षं. आता तू तरी टाकू नकोस. झोप."

मी झोपले. काय वाटलं ते सांगते, मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. लग्नाच्या नवऱ्याने जे उजेडात बघितलं नव्हतं ते जाऊ बघत होती, पांढऱ्या दिव्याखाली, चादर तपासल्यासारखं. त्यांची बोटं गार होती. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग दिवा बाजूला केला. म्हणाल्या, पांढरं पडलंय, पातळ झालंय, माझंही आधी असंच असणार, पण मी बघितलंच कुठे. मग तिथेच, त्या घोंगड्यांच्या थप्पीवर माझ्याशेजारी बसून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

पिशवी जागच्या जागी होती. कॅन्सर बाहेरच्या भागाचा होता, जिथून मूल बाहेर येतं त्या वाटेच्या तोंडाशी, कातडीचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हा कॅन्सर क्वचित होतो, बायकांचे इतर कॅन्सर शंभर दिसले तर हा दोन-चार दिसतो, म्हणून तो कुणाच्या मनात येत नाही. तो आतून रक्ताने सांगत नाही. आधी नुसता खाजतो, पांढरा डाग पडतो, चीर पडते, कण होतो. रक्त येतं ते उशिरा. त्यांचा तो सगळा भाग कापून काढला होता आणि दोन्ही जांघांतल्या गाठी काढल्या होत्या, म्हणून पाय सुजला होता. जाऊबाई हे सांगताना जमिनीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, आयुष्यभर मी सांगत राहिले, डाग नाही तर दुखणं नाही. ते पिशवीच्या बायकांचं होतं गं. मी चुकीच्या चादरी वाचून माझं ठरवलं.

मी त्यांच्यावर ओरडले. रडायला हवं होतं, पण मला रागच आला. इतके दिवस तो डबा फळीवर होता, मी त्यातलं लावत होते, आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात, असं मी म्हणाले. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी माझं ऐकून घ्यायची ती पहिलीच वेळ. मग म्हणाल्या, उद्या वर जायचं, आपल्याच इस्पितळात, मी येते बरोबर.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "इथे नको. इथे झोपवलं तर चादर खाली येईल. सगळ्या बघतील."

जाऊबाईंनी माझी साडी नीट केली, लहान मुलीची करावी तशी. "येऊ दे खाली," त्या म्हणाल्या. "खाली मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी त्या सुजल्या पायाने दोन जिने चढल्या. लिफ्ट बंद होती, आणि चालू असती तरी थांबायला त्यांना धीर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, जाऊबाई पडद्याच्या आत माझ्या डोक्याशी उभ्या. माझा तुकडा काढला, त्याचं उत्तर येईपर्यंत मी जेवले नाही की झोपले नाही, आणि उत्तर आलं की कॅन्सर नाही. कातडी पातळ आणि पांढरी पडायचा एक आजार असतो, तो होता. बहुतेक बायकांचा तो तसाच राहतो, थोड्याजणींचा पुढे कॅन्सर होतो, आणि कुणाचा होईल ते आधी कळत नाही. म्हणून दुसरं औषध, ठरल्याप्रमाणे लावायचं, आणि दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं, जन्मभर. जाऊबाईंनी तिथेच डॉक्टरीणबाईंना विचारलं, आमच्या सोड्याने होतं का हे? त्या ट्यूबने होतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोड्याने नाही, ट्यूबनेही नाही. ट्यूबने फक्त खाज गप्प केली, म्हणून कुणी बघितलं नाही. जाऊबाईंनी मान हलवली. खाली येईपर्यंत त्या जिन्यात दोनदा बसल्या.

त्या वेळी त्यांच्या जांघेत पुन्हा गाठ आली होती. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. मला पडद्याच्या आत उभ्या राहून धीर देणारी बाई स्वतः ते अंगावर घेऊन उभी होती. मला कळलं तेव्हा तिथे जखम झाली होती. विजेचे शेक देऊन झाले, औषधं झाली. दूरच्या इस्पितळाने सांगितलं, आता घरी न्या किंवा जवळ कुठे ठेवा, दुखणं कमी ठेवता येईल, एवढंच. घरी त्या जखमेला वास यायचा. भावोजी अजून दार लावायचे, पण आता मीही आत असायचे. आम्ही दोघं मिळून पट्टी करायचो, ते धरायचे, मी बांधायची. एकमेकांकडे न बघता. त्या माणसाने बायकोची अशी सेवा केली की मी तेव्हापासून त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही, आणि माझा आवाज कसा आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी दुखणं घरात आवरेना तेव्हा भावोजींनी विचारलं, कुठे नेऊ. जाऊबाई म्हणाल्या, आपल्या इस्पितळात. निळ्या किनारीच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना ठेवलं. मी दुपारी वर जायचे, बाकी वेळ खाली टेबलाशी. मुकादमी माझ्याकडेच दिली होती त्यांनी, कुणाला न विचारता. त्यांच्या चादरी येत होत्या. नर्स त्या वेगळ्या पिवळ्या पिशवीत बांधून पाठवायची, आणि मी त्या एकटी, कोपऱ्यात, पाठ करून उघडायची. बायका बघायच्या नाहीत. पिशवीचा कॅन्सर, असंच अजून सगळ्या म्हणत होत्या, आणि फळीवर डबा होता. मला परवानगी नव्हती. परवानगीशिवाय मी ते बोलणार नव्हते, कारण ते माझं नव्हतं.

एका दुपारी मी वर गेले तर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, खाली टेबलाशी आज कोण आहे. मी म्हटलं, मीच असते, जाऊबाई, आता वर आलेय म्हणून रेडिओ बसलीये. बोलायला त्यांना जोर लागत होता.

"माझी चादर कोपऱ्यात उघडतेस?"

मी हो म्हटलं. त्यांना कुणी सांगितलं, कुणास ठाऊक.

"टेबलावर उघड," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. आणि कुठलं आहे ते नीट सांग."

मी म्हटलं, बरं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं अजून काही बोलतील, चार शब्द माझ्यासाठी, इतकी वर्षं एका घरात काढली आम्ही. पण त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर जायच्या आत, त्या गेल्या. भावोजी जवळ होते. त्यांनी सांगितलं की फार त्रास झाला नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेव्हा खरंच असेल असं मी धरून चालते.

मी वर गेले, त्यांचा चेहरा बघितला, आणि मग भावोजींना आणि ह्यांना वर ठेवून खाली आले. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाची आहे, जाऊ मेली आणि ही कामावर. म्हणू देत. मला माहीत होतं की खाट रिकामी झाली की चादर निघते आणि ती खाली येते.

ती आलीच. पिवळी पिशवी पत्र्यावर आपटत खाली आली. बायका बाजूला झाल्या. रेडिओ गप्प होती. मी पिशवी टेबलावर ठेवली, गाठ सोडली आणि चादर पसरली, पूर्ण, चारी कोपरे ओढून, त्यांनी शिकवली होती तशी. मी म्हटलं, बघा, ही मुकादमबाईंची. त्यांना पिशवीचा कॅन्सर नव्हता. मग कुठला होता ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द वापरला, योनिमुख, आणि तो त्या खोलीत इतका परका वाटला की मी आपला आपल्या रोजच्या बोलीतलाही शब्द उच्चारला, शिवीतला, जो सगळ्यांना कळतो. कुणी हसलं नाही. खाज कशी सुरू होते, पांढरं कसं पडतं, कण कसा होतो, रक्त कसं उशिरा येतं, सगळं सांगितलं. माझंही सांगितलं. डाग नाही तर दुखणं नाही हे चुकीचं आहे, मुकादमबाई स्वतः म्हणाल्या की चुकीचं आहे, असं सांगताना मला रडू फुटलं आणि पुढचं मी रडत रडतच बोलले.

मग मी चादर गोळा केली आणि हौदात गार पाणी सोडून भिजत घातली. फळीवरून डबा काढून मी कचऱ्यात टाकला. बायका एकेक करून आपापल्या मशीनकडे गेल्या. रेडिओ मात्र तिथेच उभी राहिली. जवळ आली, हौदाच्या कडेला हात टेकला आणि इतक्या हळू बोलली की पाण्याच्या आवाजात मला ते नीट ऐकायला वाकावं लागलं.

"मला पण कण आहे गं," ती म्हणाली. "लई दिवस झाले."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि तिला घेऊन धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत गेले. दार लावलं, घोंगड्यांवर चादर टाकली आणि दिवा लावला.